वजन ४४, सीट शून्य. काही उपाय आहे का?

काडीपेटी | सोमवार, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहू का नको करत होतो. आयडी नवा काढलाय, कारण जुना आयडी माझ्या आत्याला माहीत आहे.

वय २७, उंची पाच फूट तीन, वजन ४४ किलो. कॉलेजपासून काटा इथंच अडकलाय. खाण्यात कमी नाही, रविवारी तांबड्याच्या चार वाट्या सहज संपवतो, तरी अंगाला लागत नाही. मुद्दा असा की मागची बाजू अजिबात नाही. पाठ संपते आणि पाय सुरू होतात, मधे काही नाहीच. शाहूपुरीत ऑफिसला प्लॅस्टिकच्या खुर्चीत तासभर बसलं की माकडहाड टोचतं. जीन्स मागून रिकाम्या पोत्यासारखी लोंबते. गेल्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी पँट-कुर्ता शिवायला टाकला. मास्तरांनी टेप लावला, पोराला ओरडून सांगितलं, "सीट बत्तीस लिही... थांब, परत बघतो." परत बघितलं. बत्तीसच. दुकानात चार बायका होत्या.

त्या रागात एका क्लिनिकात जाऊन आलो (नाव विचारू नका). डॉक्टर भेटलेच नाहीत. काउंटरवरच्या मुलीनं पाच मिनिटांत पॅकेज सांगितलं: फिलरची (भरावाच्या इंजेक्शनांची) सहा सेशन, आजच बुक केलं तर २० टक्के सूट. इंजेक्शनमधे नक्की काय असतं विचारलं तर म्हणाली, "इम्पोर्टेड आहे मॅडम."

तर बीबीएल (ब्राझिलियन बट लिफ्ट, म्हणजे स्वतःचीच चरबी काढून मागं भरणं), इम्प्लांट, फिलर, जिम, यातलं माझ्यासारख्या काडीला काय चालतं? "जशी आहेस तशी छान आहेस" असं कृपया लिहू नका. ते आई रोज सांगते.

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री १०:५५

शीर्षक नाद खुळा. माझी अडचण बरोबर उलटी आहे, चार-पाच किलो चरबी देऊ का? डब्यात घालून एसटीनं पाठवतो.

मुळशीकर | सोमवार, रात्री ११:०३

आधी एक नक्की करा. "होतो", "संपवतो", "आलो" लिहिताय. धागाकर्ते पुरुष की स्त्री? त्यावर सल्ला बदलेल.

काडीपेटी | सोमवार, रात्री ११:०६

बाई आहे ओ! कोल्हापूरची आहे. आम्ही जातो-येतोच म्हणतो. पुण्यात आलो की प्रत्येक जण हेच विचारतो.

हळदीचा_मळा | सोमवार, रात्री ११:२०

बाळा, मी लग्नाच्या वेळी ४१ किलो होते. दोन बाळंतपणं झाली आणि आपोआप भरलं. कशाला सुया टोचून घेतेस?

काडीपेटी | सोमवार, रात्री ११:२४

काकू, ते पॅकेज तर सगळ्यात महाग पडेल :)

वॉर्ड_नंबर_सात | मंगळवार, सकाळी ७:१५

तांबडा_पांढरा, तुम्ही गंमत केलीत, पण हे मला ओपीडीत खरोखर विचारतात. "बहिणीची चरबी चालेल का?" नाही चालत. दुसऱ्याची चरबी शरीर परकी म्हणून फेकून देतं. स्वतःचीच लागते, आणि काडीपेटी यांची सगळी गोची तिथंच आहे.

मी प्लास्टिक सर्जरीत आहे. गाव करवीर तालुक्यातलं, काम बाहेर. इथं कुणाला तपासत नाहीये, जे माहीत आहे ते लिहितो.

बीबीएल म्हणजे पोट, कंबर, मांड्या इथली चरबी नळीनं ओढायची, गाळून स्वच्छ करायची आणि नितंबात त्वचेखाली सोडायची. ओढलेल्या मालात पाणी, रक्त, फुटलेल्या पेशींचं तेल असं बरंच असतं. ते काढून टाकलं की हातात कमीच उरतं. एका बाजूला ३०० मिली धरले तर दोन्हींना मिळून ६०० मिली स्वच्छ चरबी हवी, म्हणजे ओढायची त्याहून कितीतरी जास्त. आणि सोडलेली सगळी जगत नाही. नव्या जागी रक्तपुरवठा मिळाला तेवढ्याच पेशी टिकतात. ढोबळ अंदाज ६० ते ८० टक्के, काहींच्या नशिबी त्याहूनही कमी.

आता ४४ किलोच्या मुलीच्या पोटाला चिमटा काढा. हातात नुसती कातडी येते. बाहेर 'स्किनी बीबीएल' नावानं जाहिराती चालतात, दहा ठिकाणांहून थोडं थोडं ओढतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर चिपाड परत घाण्याला घालायचं. रस निघतो वाटीभर, आणि ज्या जागांवरून ओढलं तिथं खाचखळगे पडायची भीती.

काही सर्जन सांगतात, पाच-सहा किलो वाढवून या, मग बघू. ऐकायला बरं वाटतं. पण ते वाढलेलं वजन पुढं उतरलं की मागं हलवलेल्या पेशीही आकसतात. ज्यांचं वजन वर्षानुवर्षं एकाच काट्यावर असतं त्यांचं ते बहुधा उतरतंच.

जोखीम. हे जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत कुणी सांगत नाही. २०१७ मधे सर्जनांच्या पाहणीतून अंदाज आला की या शस्त्रक्रियेत सुमारे ३००० मागे १ मृत्यू होतो. सौंदर्यासाठी केलेल्या कुठल्याही शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. कारण साधं आहे. नितंबाच्या स्नायूत खोलवर जाड शिरा आहेत. नळी खोल गेली, शीर फाटली, की चरबी तिथून हृदयात आणि फुप्फुसात. टेबलावरच खेळ संपतो. २०१८ मधे सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी एकत्र सांगितलं की स्नायूत अजिबात सोडायची नाही, फक्त त्वचेखाली. ब्रिटनमधल्या संघटनेनं त्याच वर्षी सदस्यांना सांगितलं की तूर्त ही करूच नका. २०२२ मधे सोनोग्राफीनं नळी कुठं आहे ते बघत, फक्त वरच्या थरात, या अटीवर परत मोकळीक दिली. अमेरिकेतल्या फ्लोरिडात २०२२ मधे नियम आला, एका सर्जननं दिवसाला तीनपेक्षा जास्त करायच्या नाहीत. तंत्र बदलल्यावरच्या पाहणीत मृत्यूचा अंदाज १५,००० मागे १ पर्यंत खाली आला. पण सडपातळ माणसात तो वरचा थरच पातळ. नळी स्नायूपासून लांब ठेवायला जागा कुठली?

म्हणजे चरबीही कमी आणि सोडायची जागाही कमी. राउंडला जातो, इम्प्लांटचं दुपारी.

मुळशीकर | मंगळवार, सकाळी ९:३०

उत्तम प्रतिसाद. तरी हे सगळं मोबाइलवरच्या रील्सचं खूळ आहे हे माझं मत.

सायकलवाला_शिये | मंगळवार, सकाळी ९:५२

मुळशीकर, खूळ असेल. पण माझ्यासारख्या ५२ किलोच्या पुरुषाला सायकलच्या सीटवर दोन तास बसून बघा म्हणावं. पॅडची चड्डी नसती तर हाडं थेट लोखंडावर. प्रश्न खरा आहे.

वॉर्ड_नंबर_सात | मंगळवार, दुपारी २:४०

इम्प्लांट. याला चरबी लागत नाही, म्हणून सडपातळ लोकांसाठी पुस्तकात पहिलं नाव याचंच. छातीच्या इम्प्लांटमधे बहुधा जेल असतं, हे सहसा तसं नसतं. घट्ट, भरीव, रबरासारखं सिलिकॉन, कापलं तरी गळत नाही. दोन नितंबांच्या मधल्या घडीत चीर देऊन स्नायूच्या आत किंवा स्नायूवरच्या आवरणाखाली कप्पा करतात आणि त्यात बसवतात.

पण झाकायला वर मांस नसेल तर कडा हाताला लागतात, कधी दिसतातही. म्हणून बारीक माणसात स्नायूच्या आत घालणं बरं. स्नायूच पापुद्र्याएवढा असेल तर मोठा आकार मावत नाही. फार खोल गेलं तर खाली सायटिक नस आहे. आणि ती चीर! घाम येणारी, गुदद्वाराच्या जवळची जागा. टाके उसवणं, जंतुसंसर्ग, पाणी साठणं, इम्प्लांट सरकणं, आमच्याकडं परत येणारे बहुतेक याच कारणांनी येतात. दोन-तीन आठवडे नीट बसता येत नाही, पालथं किंवा कुशीवर झोपायचं. ॲक्टिव्हा विसरा.

आणखी एक, जे ऐकून लोक हसतात. नंतर जन्मभर बुडावर इंजेक्शन घ्यायचं नाही. गावातल्या दवाखान्यात कंपाउंडर "पालथं व्हा" म्हणेल त्याच्या आत तोंड उघडावं लागतं.

फिलर. दोन जातीचे धरा. एक हायलुरॉनिक ॲसिड, जे ओठात-गालात भरतात. चुकलं तर एन्झाइम टोचून विरघळवता येतं, हा मोठा फायदा. पण चेहऱ्याची सिरिंज असते १ मिलीची. नितंबाला शेकडो मिली लागतात. हिशोब तुम्हीच करा. वर ते काही काळानं विरघळतंच.

दुसरं पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, स्कल्प्ट्रा नावानं ओळखतात. अमेरिकेत २००४ मधे मान्यता मिळाली ती एचआयव्हीच्या रुग्णांचे बसलेले गाल भरायला. नितंबात वापरतात ते त्या मान्यतेच्या बाहेर जाऊन. हे स्वतः जागा भरत नाही. शरीराला तिथं कोलॅजन (कातडीला घट्टपणा देणारं प्रोटीन) तयार करायला लावतं, त्यामुळं परिणाम दिसायला महिने लागतात आणि साधारण दोन वर्षं टिकतो. दोन-तीन बैठका, बाटल्या दहाच्या वर सहज जातात. नीट पातळ केलं नाही तर गाठी. बारीक माणसाला यानं होतं काय, तर खड्डे भरतात, कातडीला थोडा ताण येतो. आकार म्हणाल तर चिमूटभर. तुम्ही क्लिनिकात विचारलेला प्रश्न अगदी बरोबर होता. "इम्पोर्टेड" हे औषधाचं नाव नाही. सीलबंद बाटली डोळ्यासमोर फोडून दाखवत नसतील तर उठून यायचं.

काडीपेटी | मंगळवार, दुपारी ३:०५

सर, खूप आभार. डबा खाता खाता वाचलं आणि घास घशात अडकला. खर्चाचा अंदाज?

वॉर्ड_नंबर_सात | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

शस्त्रक्रिया म्हटली की लाखात जातं. शहर, हॉस्पिटल, भूल, इम्प्लांट धरून आकडा बदलतो, म्हणून इथं छापत नाही. दोन गोष्टी मात्र कोटेशनमधे बारीक अक्षरात असतात. हौसेच्या शस्त्रक्रियेवर १८ टक्के जीएसटी लागतो (जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची असेल तर नाही). आणि मेडिक्लेम यातलं काही देत नाही. डॉक्टरची पदवी बघा: एम.सीएच. किंवा डीएनबी, प्लास्टिक सर्जरीत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. भिंतीवरच्या सोनेरी सर्टिफिकिटांत वीकएंड कोर्सचीही असतात.

चाफा | मंगळवार, रात्री ९:४८

मी ट्रान्स स्त्री आहे. एरवी इथं फक्त वाचते, पण फिलरचा विषय निघाला म्हणून लिहिते.

माझ्या मैत्रिणीनं सात वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एका फ्लॅटमधे इंजेक्शन घेतली. टोचणारी डॉक्टर नव्हती. सिलिकॉन आहे, कायमचं राहतं, असं सांगितलं. कायमचं राहिलंच. पहिलं वर्ष छान गेलं, फोटो काढले, नाचली. मग गाठी धरल्या, कातडी काळी पडली, दगडासारखी झाली, आणि माल हळूहळू मांडीत उतरला. तीन सर्जनना दाखवलं. तिघांनी सांगितलं की हे मांसात मुरलंय, सगळं काढता येणार नाही. रिक्षात बसली की ती आता एका कुशीवर रेलून बसते. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मधेच बजावलंय की शरीराला आकार द्यायला पातळ सिलिकॉन टोचून घेऊ नका. आम्हाला ते इंग्रजीतलं कोण वाचून दाखवणार होतं?

हॉस्पिटलात आम्हाला नीट वागवत नाहीत म्हणून आम्ही फ्लॅटमधे जातो. हेही लिहून ठेवते.

हळदीचा_मळा | मंगळवार, रात्री १०:१०

चाफा, तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग गं. वाचून झोप उडाली.

लालमाती | बुधवार, सकाळी ५:५०

ताई, एवढं सुया-चाकू कशाला? तालमीतल्या पोरांची मागची बाजू बघितलीस का कधी? (बघू नको, वस्ताद खवळतील.) मी आलो तवा तुझ्यासारखाच होतो, ४८ किलो. पहाटे चारला आखाडा खणायला लावायचे. वाकून फावडं मारायचं, माती वर ओढायची, खणून झालं की परत लेव्हल. मग जोर, बैठका, दोर. वर जोडीदार खांद्यावर घेऊन फेऱ्या. दोन वर्षांत विजार शिवायला टाकली तर शिंपी म्हणाला कापड जास्त आण. आणि दूध. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळत्यात, तिथं उभं राहून धारोष्ण प्यायचं. घरी आणून पिऊ नको, मांजर पितंय.

गुडघा_फिजिओ | बुधवार, सकाळी ११:३०

लालमाती, नकळत तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. बैठकांनी मुख्यतः मांडीचा पुढचा भाग भरतो. पाचशे बैठका म्हणजे दम वाढेल. नितंब भरतो तो कमरेतून वाकून वजन उचलताना, आणि तुमचं फावडं म्हणजे नेमकं तेच.

ग्लुटियस मॅक्सिमस, म्हणजे नितंबाचा मुख्य स्नायू, हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. चरबी नाही म्हणून रडणाऱ्यांचा हा स्नायू बहुधा कधी कामाला लागलेलाच नसतो. काडीपेटी, घरी बघा. दिवाणाच्या कडेला पाठीचा वरचा भाग टेकवा, पाय जमिनीवर, जांघेवर दहा किलोची तांदळाची पिशवी आडवी ठेवा आणि कंबर वर उचलून वरच्या टोकाला दोन सेकंद आवळून धरा. दहा-बारा वेळा. मांडीच्या मागं पेटका येत असेल तर पाय थोडे जवळ घ्या. जाणवलं? हाच हिप थ्रस्ट. दोन-तीन आठवड्यांत पिशवी हलकी वाटेल, मग जिममधे बार. त्याला रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकून वजन उचलणं) आणि एक पाय मागं बाकावर ठेवून केलेले स्क्वॉट जोडा. आठवड्यातून दोन-तीनदा, आणि वजन वाढवत जायचं. वर्षभर तीच पिशवी उचलली तर वर्षभर तेच बूड राहील.

खाणं. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १७ च्या आसपास येतो, १८.५ च्या खाली म्हणजे कमी वजन. प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर दिवसाला सत्तरेक ग्रॅम. रश्श्याच्या चार वाट्यांत मसाला आणि तेल भरपूर असतं ओ, मटणाच्या फोडी किती होत्या ते सांगा! अंड्यात ६ ग्रॅम, म्हशीच्या दुधाच्या मोठ्या ग्लासात ९ च्या आसपास, १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५. तीन दिवस वहीत लिहून काढा. "खूप खातो" म्हणणारे बहुतेक जण दुपारी एक भाकरी खाऊन उठतात.

आणि आधी रक्त तपासा. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर. वर्षानुवर्षं अंगाला लागत नसेल तर त्यामागं कारणही असू शकतं. एक गोष्ट मात्र बदलणार नाही: ओटीपोटाच्या हाडाची रुंदी आणि कंबरेखाली बाजूला पडणारी खळगी. ती हाडाची ठेवण आहे. त्यासाठी कुणी मशीन विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

सुईदोरा | बुधवार, दुपारी ४:१५

कुणी शिंप्याचं ऐकणार का? मी लक्ष्मीपुरीत लेडीज टेलरिंग करते.

जीन्स लोंबते कारण तू कंबरेच्या मापानं घेतेस आणि मागचा घेर शिल्लक राहतो. मागच्या मधल्या शिवणीतून घेर कमी करायचा, पट्ट्याखाली दोन चुण्या मारायच्या. खिसे मोठे आणि खाली असले की बूड आणखी चपटं दिसतं. लहान खिसे, थोडे वर, वर फ्लॅप. एवढ्यानं डोळ्याला इंचभर फरक वाटतो, शंभर-दोनशे रुपयांत. पॅडवाल्या निकर पण मिळतात, स्पंज पातळ असेल ती घे, जाड घेतलीस तर बसल्यावर वरचा काठ दिसतो.

आणि लग्नात पँट-कुर्ता कशाला घालतीस? नऊवारी नेस. काष्टा नीट खोचला की मागं असं भरतं की कुणी माप विचारत नाही. आपल्या आज्ज्यांना बीबीएल लागलं नाही ते उगीच नाही.

तांबडा_पांढरा | बुधवार, दुपारी ४:३०

सुईदोरा ताई, तुमचा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा आहे.

काडीपेटी | रविवार, रात्री ९:१० (सव्वादोन महिन्यांनी)

धागा वर काढतो. हिशोब द्यायचा राहिलाय.

रक्त तपासलं. थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ९.४. आईला धक्का बसला, मला नाही, जिना चढताना दम लागायचाच. गोळ्या चालू आहेत. वहीत तीन दिवस लिहिलं, प्रोटीन ३८ ग्रॅम निघालं. फिजिओ, फोडी दोन होत्या.

पुण्याला एका प्लास्टिक सर्जनना दाखवून आलो. पदवी आधी बघून गेलो. बाईंनी पोटाला, कमरेला, मांडीला चिमटे काढले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ओढायला काही नाही, उगीच भोकं पाडायची." इम्प्लांट होऊ शकेल म्हणाल्या, पण झाकायला मांस हवं, सहा महिने वजन उचलून या, तेव्हाही वाटलं तर बोलू. पाऊण तास दिला. बुकिंग, सूट, काही नाही. खरं सांगतो, इम्प्लांट डोक्यातून गेलेलं नाही. पण टाक्यांचे फोटो मागून बघितले, आणि सहा महिने थांबायला हरकत नाही असं ठरवलंय.

हिप थ्रस्ट पिशवीवरून ३५ किलोवर आलो. वजन ४५.८. सीट साडेबत्तीस, त्यात टेप सैल धरला असेल तर माहीत नाही. खुर्ची मात्र थोडी कमी टोचते, का सवय झाली देव जाणे. लग्नात नऊवारी नेसलो. आत्या म्हणाली, "अगं, भरलीस की!" काष्ट्याचं श्रेय सुईदोरा ताईंना.

त्या क्लिनिकचे मेसेज अजून येतात. सूट ३५ टक्क्यांवर गेलीय.

लालमाती | सोमवार, सकाळी ५:४५

दूध?

काडीपेटी | सोमवार, सकाळी ८:२०

रोज. गंगावेशीत, म्हशीसमोर उभं राहून. ती पण बघत असते.

सुईदोरा | सोमवार, सकाळी १०:०५

जीन्स घेऊन ये. साडेबत्तीसला चुण्या सोडाव्या लागतील.